बढती जरूर मागा, स्वतःची किंमत तिच्याकडून मागू नका

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्याचा आशय आधी थोडक्यात देते. तुम्ही 36 वर्षांच्या आहात. मूळच्या राहुरी तालुक्यातल्या, आणि पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात गेली अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम करता. जीएनएम ही परिचर्येची पदविका झाल्यावर नोकरी सांभाळून पैसे साठवले आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी ही पदवी पूर्ण केली. विभागाच्या इन्चार्ज सिस्टरचे पद रिकामे झाले, तेव्हा ते तुम्हालाच मिळणार असे सगळे गृहीत धरून होते. ते बाहेरच्या रुग्णालयातून आलेल्या, अनुभवाने तुमच्याहून लहान असलेल्या सहकारी महिलेला मिळाले. तेव्हापासून तुम्हाला कामावर जाताना आपण कोणीच नाही असे वाटते. चर्चच्या मंडळीतल्या प्रार्थना सभेत तुम्ही हे बोललात, तर महत्त्वाकांक्षा हा गर्वाचाच एक प्रकार आहे असे तुम्हाला ऐकवण्यात आले. आई म्हणते, देवाने दिले आहे त्यात समाधान मान. कोणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहू लागलात, पण ‘ती लिहिताना मी देवाशी खोटे बोलते आहे असे वाटते’ हे तुमचे वाक्य आहे. शेवटी तुम्ही विचारले आहे की पुढे जाण्याची इच्छा हे पाप आहे का, मनातून येत नसलेली उपकारस्तुती कशी करावी, आणि देवाने आपल्याला नेमके कशासाठी ठेवले आहे.

प्रार्थना सभेतले उत्तर मला पटलेले नाही, हे आधी स्पष्ट सांगते. गर्वाविषयी शास्त्रात पुष्कळ कठोर बोलले गेले आहे हे खरे. पण जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, येशूकडे येऊन वैभवात आपल्याला त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे बसवावे असे मागतात, तो प्रसंग पुन्हा वाचून पाहा. इतकी उघड महत्त्वाकांक्षा शुभवर्तमानात दुसऱ्या कोणी बोलून दाखवलेली नाही. बाकीच्या दहा शिष्यांना ते ऐकून राग आला, आणि तो राग नम्रतेपोटी आला असावा असे मानायला माझे मन तयार होत नाही. त्यांनाही त्याच जागा हव्या असाव्यात. येशूने मात्र त्या दोघांना ‘मोठे होण्याची इच्छा सोडा’ असे म्हटले नाही. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे, असे सांगून त्याने त्या इच्छेला दिशा दिली. इच्छा तशीच राहिली, तिचा उपयोग बदलला. (मत्तयाच्या शुभवर्तमानात ही मागणी मुलांसाठी त्यांची आई करते. तुमच्या घरी आई मागू नको म्हणते, एवढाच फरक.)

आईचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबू. तुम्ही लिहिता की तुमच्या आजोबांच्या पिढीत कुटुंब गावकुसाबाहेर राहत होते, मिशनच्या शाळेमुळे घरात अक्षर आले, आणि आईने मिरजेला, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभ्या केलेल्या मिशन रुग्णालयात, परिचारिकेचे शिक्षण घेऊन पुढे आयुष्यभर जिल्ह्यात नोकरी केली. नगर जिल्ह्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच आहे. धर्म बदलल्यावर गावाने जात विसरली असे झाले नाही, आणि 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळाल्या नाहीत. म्हणजे जुना भार तसाच राहिला आणि आधार तेवढा गेला. त्या परिस्थितीत एका मुलीने घर सोडून मिरजेला जाणे, पांढरा गणवेश घालणे, ज्यांच्या ओसरीवर बापाला बसता येत नव्हते त्यांच्याच घरातल्या माणसांना इंजेक्शन देणे आणि महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावाचा पगार आणणे, याला महत्त्वाकांक्षा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? आज तुमच्या आईकडे जे समाधान आहे ते एक फार मोठी महत्त्वाकांक्षा पुरी झाल्यानंतरचे समाधान आहे. ते खरे आहे, आणि तिने ते कमावलेले आहे. पण वाट चालून झालेल्या माणसाचे समाधान वाटेवर असलेल्या माणसाला उपदेश म्हणून दिले, की त्याचे ओझे होते. तिच्याशी वाद घालू नका. मिरजेला जाताना तिला काय हवे होते आणि घरातल्या कोणाकोणाचा विरोध होता, एवढे तिला एकदा विचारा.

गर्वाचा आरोप तुमच्याआधी ज्यांच्यावर झाला त्यांत पंडिता रमाबाई आहेत. त्यांचे नाव आपल्या मंडळ्यांमध्ये इतक्या आदराने घेतले जाते की त्या किती हट्टी होत्या हे सांगायचे राहून जाते. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने. ऐकू कमी येत असल्यामुळे ते दार त्यांच्यासाठी बंद झाले. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उलट लिहून कळवले की तरुणांना शिकवण्याला आपल्या वडिलांनी किंवा पतीने कधी आक्षेप घेतला नव्हता, मग आता का? वाँटेजच्या मठातल्या ज्या जोगिणीला, भगिनी जेराल्डीनना, त्या आपल्या आध्यात्मिक माता मानत, त्यांनाही रमाबाईंच्या या वृत्तीत अहंकार आणि स्वतःचेच खरे करण्याची खोड दिसली. दोघींच्या पत्रव्यवहारात हा ताण ठळकपणे उमटला आहे. रमाबाई ख्रिस्ताला धरून राहिल्या, पण आपल्या सदसद्विवेकाची किल्ली त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही. 1886 साली त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, निधी उभा केला आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. केडगावचे निराधार स्त्रियांसाठीचे मुक्ती मिशन त्यानंतरचे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि 1922 साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. हे सगळे ‘मिळाले त्यात बरे आहे’ म्हणणाऱ्या बाईच्या हातून घडले असते असे मला वाटत नाही. मात्र एक सावधगिरीही सांगते. डॉक्टर होता आले नाही हे बरेच झाले, ती देवाचीच योजना होती, असा सोपा निष्कर्ष त्यांच्या चरित्रातून काढू नका. एक दार बंद होणे हे दुःखच होते. त्यानंतर जे घडले त्यामुळे ते दुःख खोटे ठरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमच्या पत्रात ‘मला ते पद हवे होते’ हे वाक्य एकदाच आले आहे, पण ‘मग मी कोण?’ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाच-सहा ठिकाणी आहे. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या प्रश्नाची. पद हवे असणे यात काही वावगे नाही. पण आपण मोलाचे आहोत की नाही याचा निकाल त्या पदाकडे सोपवला गेला आहे, आणि तो निकाल देण्याची कोणत्याही पदाची ऐपत नसते. ते मिळाले असते तरी सहा महिन्यांनी हाच प्रश्न असिस्टंट मेट्रनच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला असता.

याबाबत शुभवर्तमानात घटनांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाल्यावर आकाशवाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र आहे आणि याच्यावर मी संतुष्ट आहे. मत्तय आणि मार्क यांच्या वृत्तान्तात तोपर्यंत येशूने एकही प्रवचन केलेले नाही, एकाही रोग्याला बरे केलेले नाही, एकही शिष्य जमवलेला नाही. नासरेथमध्ये सुताराचे काम करत तीसएक वर्षे गेलेला एक माणूस, एवढीच त्याची ओळख होती. पसंती कामाच्या आधी मिळाली. आणि लगेच पुढे, रानात, सैतानाचे पहिले वाक्य काय आहे? तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. जे आधीच सांगितले गेले आहे ते आता सिद्ध करून दाखव, असा तो डाव आहे. तुमच्या मनात गेले काही महिने जो आवाज बोलतो आहे तो या दुसऱ्या आवाजासारखा आहे. तो कधी साहेबांच्या तोंडून येतो, कधी नातेवाइकांच्या, आणि कधी व्यासपीठावरूनही येतो, कारण यश म्हणजेच आशीर्वाद असे शिकवणारे उपदेशक आता आपल्याकडेही कमी नाहीत. त्या शिकवणीचा दुसरा अर्थ असा होतो की ज्याला बढती मिळाली नाही त्याच्या विश्वासात काहीतरी उणे आहे, आणि तो अर्थ क्रूर आहे.

आई तुम्हाला बायबलमधल्या, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले प्रेषित पौलाचे वचन ऐकवते की, ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत मी समाधानी राहायला शिकलो आहे. ते चौथ्या अध्यायात आहे. त्याच पत्राचा तिसरा अध्याय तिच्यासोबत बसून वाचा. तिथे हाच पौल म्हणतो की मी अजून पोहोचलेलो नाही, मागचे विसरून पुढच्या लक्ष्याकडे धावतो आहे. समाधान आणि धाव, दोन्ही एकाच माणसाच्या, चार अध्यायांच्या एकाच पत्रात आहेत, आणि ते पत्र त्याने कैदेत असताना लिहिले. आणखी एक गंमत त्या तिसऱ्या अध्यायात आहे. धावण्याविषयी बोलण्याआधी पौल आपला बायोडाटा मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा, आणि लगेच हे सगळे आपण केरकचरा समजतो असे म्हणतो. आपण कोण हे सांगण्यासाठी त्याला त्या यादीची गरज उरलेली नाही, आणि गरज उरली नाही म्हणूनच त्याला मोकळेपणाने धावता येते. बायोडाटा तुम्हीही ठेवा, तो नोकरीसाठी लागतोच. फक्त रात्री झोपताना तो उशाशी घेऊ नका.

आता कृतज्ञतेच्या वहीविषयी. ती काही दिवस बंद ठेवा. तुम्हाला राग आला आहे, अपमान झाल्यासारखे वाटते आहे, आणि नव्या इन्चार्ज सिस्टरचे अभिनंदनही तुम्हाला करवले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. एवढे सगळे पोटात ठेवून वर ‘आज चहा छान झाला’ असे लिहिले तर ते खोटेच वाटणार. स्तोत्रसंहिता उघडून पाहिली तर तिच्यात विलापाची स्तोत्रे किती आहेत ते दिसेल. तेरावे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या सवालाने सुरू होते आणि शेवटी भरवशाकडे वळते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर वळतही नाही, ते अंधारातच संपते. तरीही ज्यांनी शास्त्र एकत्र केले त्यांनी ते गाळले नाही. देवाजवळ गाऱ्हाणे घालणे हीदेखील प्रार्थनाच आहे. म्हणून वहीत आधी गाऱ्हाणे लिहा, नाव घेऊन, सविस्तर. त्यानंतर मनातून आपोआप काही चांगले वर आले तर एखादी ओळ त्याची लिहा. नाही आले तर तसेच झोपा. उपकारस्तुती दुःखावर झाकण म्हणून वापरली की ती लवकर विटते. आणि प्रार्थना सभेत साक्ष द्यायला उभे केले, तर ‘या आठवड्यात मी अजून देवाशी भांडते आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणण्याची मोकळीक तुम्हाला आहे. दोघीचौघी तरी नंतर हळूच येऊन आपलेही तसेच असल्याचे सांगतील.

कृतज्ञता म्हणजे गप्प बसणे, अशीही एक समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे, विशेषतः परिचारिकांच्या बाबतीत. सेवा म्हटले की पगार, सुट्टी, पाळ्या यांविषयी बोलायचे नाही, असा तो शिरस्ता आहे. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे मात्र येशूचेच वचन आहे, आणि याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असे म्हटले आहे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला अशा वेळी हमखास ऐकवला जातो, की उशिरा आलेल्यालाही तेवढाच दिनार मिळाला तर तू कुरकुर का करतेस? त्या दाखल्यातला मालक देव आहे, तुमच्या रुग्णालयाचा एचआर विभाग नव्हे. देवाच्या कृपेला हिशेब लावू नये हे मला मान्य आहे. नेमणुकीला मात्र हिशेब लावलाच पाहिजे. तेव्हा नर्सिंग सुपरिंटेंडंटना शांतपणे, लेखी विनंती करा की या पदासाठी कोणते निकष लावले गेले आणि माझ्यात काय कमी पडले ते कळावे, म्हणजे पुढच्या वेळी तयारी करता येईल. पत्राची सुरुवात आणि शेवट सौम्य असू द्या, मधले वाक्य स्पष्ट असू द्या. उत्तर मिळाले तर त्यातून शिकता येईल. मिळाले नाही तर त्या जागी पुढे किती वर्षे द्यायची, याचा निर्णय सोपा होईल. नव्या इन्चार्ज सिस्टरचा यात दोष नाही, निदान तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही. अभिनंदन उशिरा केले तरी चालते. ड्यूटी बदलताना दोन वाक्ये पुरेत.

शेवटचा प्रश्न, देवाने मला कशासाठी ठेवले आहे. आकाशातून एखादी चिठ्ठी पडेल अशा अपेक्षेने हा प्रश्न विचारला की माणूस वर्षानुवर्षे ताटकळतो. पौलाला करिंथमध्ये तंबू बनवावे लागत होते. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो ते काम करी आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोले, आणि यांतले पवित्र काम कोणते याची वाटणी त्याने केलेली दिसत नाही. तुमच्या बाबतीत तर उत्तराचा धागा तुमच्याच पत्रात आहे. पत्राचा बहुतेक भाग थकलेल्या हाताने लिहिला आहे. एकाच ठिकाणी तुमची भाषा एकदम जागी होते: नुकतीच रुजू झालेली एक मुलगी व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की घाबरून नुसता तो बंद करत असे, आणि तुम्ही तिला आधी रुग्णाकडे पाहायला, मग नळीकडे आणि मग यंत्राकडे पाहायला शिकवलेत, महिन्याभरात ती एका रात्री तुम्हाला न उठवता योग्य ते करून मोकळी झाली. तिचे वर्णन तुम्ही पान भरून केले आहे. इन्चार्जच्या कामाचे, म्हणजे ड्यूटी लावणे, साठ्याची नोंद, नातेवाइकांच्या तक्रारी, तपासणीची कागदपत्रे, यांचे वर्णन एका ओळीचेही नाही. मला असे दिसते की तुम्हाला शिकवायचे आहे, आणि अतिदक्षता विभागात वर चढण्याची समोर दिसणारी एकच पायरी इन्चार्जची असल्यामुळे ती इच्छा त्या पदाला जाऊन चिकटली. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. पण आधी तपासून पाहा.

तो बरोबर असेल तर वाट ठरलेली आहे. पोस्ट बेसिक बीएस्सीनंतर एमएस्सी नर्सिंग करता येते. ते दोन वर्षांचे आणि पूर्णवेळ असते, म्हणून नोकरी सोडावी लागेल किंवा अभ्यासरजा मिळवावी लागेल, आणि खासगी रुग्णालयात ती मिळेलच असे धरून चालू नये. त्यामुळे दोन वर्षांचा घरखर्च, फी आणि तुम्ही घेतलेले कर्ज यांचा हिशेब आधी पतीसोबत बसून कागदावर मांडा. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी स्वरूपाचा अभ्यासक्रमही आहे. रुग्णशय्येपाशी राहूनच पुढे जायचे असेल तर त्याची चौकशी करा. एवढी मोठी उडी यंदा शक्य नसेल, तर तुमच्याच रुग्णालयात नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणाची किंवा संसर्ग-नियंत्रणाची जबाबदारी मागा. ती कामे बऱ्याचदा कोणाला नको असतात, आणि पुढे शिकवण्याच्या नोकरीसाठी तोच अनुभव उपयोगी पडतो.

आणि रविवार. तुम्ही लिहिले आहे की दोन महिन्यांत तुम्ही एकदाही उपासनेला गेला नाहीत, कारण रविवारची ड्यूटी मागून घेता, म्हणजे मंडळीतल्या लोकांचे प्रश्न टळतात. हे मला समजते. तरी महिन्यातून दोन रविवार तरी सुट्टीचे मागून घ्या, आणि पहिल्या रविवारी कोणाशी फार बोलायचे नसेल तर मागच्या बाकावर बसून प्रभुभोजन घेऊन निघा. प्रार्थना सभेतल्या त्या उत्तराबद्दल पाळकसाहेबांशी स्वतंत्र वेळ घेऊन बोला. मंडळीतले एक मत म्हणजे सगळ्या मंडळीचे मत नव्हे.

एमएस्सीचा विचार पक्का झाला, तर निकषांविषयीच्या त्या पत्रासोबतच अनुभवाच्या दाखल्यासाठी अर्ज देऊन ठेवा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या तुमच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही पाहून घ्या. ही कागदपत्रे प्रवेशाच्या आठवड्यात मागितली तर वेळेवर हाती येत नाहीत.

तुमची,
सदरलेखिका